जुन्या मोटारगाडीतील इंजिनाचे अतितापन

इंजिनाचे अतितापन म्हणजे मोटारगाडी चालत असताना तिच्या इंजिनाचे तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणे. बोलीभाषेत यालाच गाडी तापणे, गाडी गरम होणे किंवा रेडिएटर उकळणे असे म्हटले जाते. अतितापन हा स्वतंत्र बिघाड नसून दुसऱ्या एखाद्या बिघाडाचे लक्षण आहे. मराठीतील ‘ताप’ या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे लागू पडतात. वैद्य जसा ताप उतरवण्याआधी त्याचे कारण शोधतो, तसेच येथेही करावे लागते. कारण न शोधता रेडिएटरमध्ये केवळ पाणी भरत राहिल्यास हेड गॅस्केट जळणे, सिलिंडर हेड वाकणे, पिस्टन जाम होणे असे क्रमाने वाढत जाणारे नुकसान होते आणि अखेरीस संपूर्ण इंजिन खोलण्याची वेळ येते.

प्रस्तुत लेखात पाण्याने थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांचा प्रामुख्याने विचार केला आहे. भारतात ॲम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, जीप आणि मारुती ८०० या अशा गाड्यांच्या परिचित जाती होत. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाल्या, तरी यांतील अनेक गाड्या हौशी मालकांनी आजही जपलेल्या आहेत.

शीतनप्रणालीची रचना

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तितकीच उष्णता धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेल्या उष्णतेपैकी बहुतेक इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि हेड टिकून राहतात ते केवळ उष्णता सतत काढून घेतली जात असल्यामुळे.

हे काम खंडित झाल्यास वेळ किती थोडा मिळतो, हे एका ढोबळ हिशेबाने समजते. घाट चढताना सुमारे ३० किलोवॉट शक्ती देणारे इंजिन जवळजवळ तितकीच उष्णता पाण्याला देते, असे मानू. इंजिनात ८ लिटर पाणी आणि १०० किलो लोखंड असेल, तर उष्णता बाहेर जाणे थांबताच या सर्वाचे तापमान एका मिनिटात सुमारे २० अंशांनी वाढते. म्हणजे काटा वर सरकलेला दिसल्यावर ‘घाटमाथ्यावर पोहोचू आणि मग बघू’ एवढी सवड इंजिन देत नाही.

आरंभीच्या मोटारींत पंप नसे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे आणि रेडिएटरमध्ये निवलेले पाणी खाली उतरे. एवढ्या नैसर्गिक अभिसरणावर काम भागत असे. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीतही हीच पद्धत रूढ होती. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला. थोड्या पाण्याचा पुष्कळ हवेशी संपर्क आणणे हे त्यामागील तत्त्व आजही कायम आहे.

पुढे पाण्याचा पंप आणि पंखा एकाच पट्ट्यावर चालू लागले. १,०८९ घन सेंटिमीटर इंजिनाची प्रीमियर पद्मिनी आणि १,४८९ घन सेंटिमीटर इंजिनाची ॲम्बॅसेडर यांत अशीच योजना आहे. मारुती ८०० मध्ये मात्र पंखा विजेच्या मोटारीवर चालतो व पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्यावरच सुरू होतो. निदानाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाबरोबर मंदावतो, पण गाडी चालू असेपर्यंत सहसा थांबत नाही. विजेचा पंखा एखादा फ्यूज उडाला तरी कोणतीही सूचना न देता पूर्ण बंद पडतो.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातील मेण ठरावीक तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, वितळू लागून फुगते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरत राहते.

झाकण आणि दाब

रेडिएटरचे झाकण ही साधी बूच नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यात दोन झडपा असतात. एक झडप आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढू देते. दुसरी पाणी निवल्यावर बाहेरून हवा किंवा टाकीतले पाणी परत आत घेते. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. झाकण ७ पौंडांचे असेल, तर ते सुमारे १११ अंशांना आणि १५ पौंडांचे असेल, तर सुमारे १२१ अंशांना उकळते. उंचीमुळे परिणाम उलट होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघडे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे मुंबईत कसेबसे निभावून नेणारे सैल झाकण घाटमाथ्यावर हमखास दगा देते.

झाकणाचा रबरी वायसर कडक झालेला किंवा चिरलेला असल्यास बाकी सर्व ठीक असूनही गाडी उकळते. निदानाची सुरुवात या स्वस्त सुट्या भागापासून करावी. मात्र जुन्या रेडिएटरला मूळच्यापेक्षा अधिक दाबाचे झाकण बसवू नये. ४ ते ७ पौंडांसाठी डाग दिलेले पितळी सांधे १५ पौंडांनी उसवतात. गाडी निवल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर झाकणाची दुसरी, आत घेणारी झडप अडकली आहे असे समजावे.

तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे धोक्याचे का, हेही यावरून उमगते. १२१ अंशांचे पाणी दाब जाताच १०० अंशांवर येते आणि मधली उष्णता वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ५ लिटर पाण्यातून अशी सुमारे ३०० लिटर वाफ क्षणार्धात निर्माण होते व उरलेले उकळते पाणी आपल्यासोबत उडवते. चेहरा, हात आणि छाती भाजण्याचे प्रकार यातूनच घडतात.

केव्हा तापते, यावरून निदान

गाडी तापते एवढेच सांगणे पुरेसे नाही. ती केव्हा तापते, हे नीट विचारले तर अर्धे निदान गाडीला हात न लावताच होते.

सिग्नलला किंवा रहदारीत उभी असताना तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी हवेच्या अभावाने त्रस्त असते. वेगात वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. अशा वेळी पट्टा सैल आहे का, पंख्याचे पाते तुटले आहे का, पंख्याभोवतीचे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे कडे काढून ठेवले आहे का, हे पाहावे. हे कडे ‘नडते’ म्हणून कितीतरी गाड्यांतून काढून टाकलेले आढळते. ते नसल्यास पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आसपासचीच तप्त हवा घुसळत राहतो. विजेच्या पंख्याबाबत प्रथम फ्यूज पाहावा, नंतर रेडिएटरवरील उष्णतेच्या स्विचच्या तारा एकमेकींना जोडून पंखा फिरतो का ते पाहावे. फिरला, तर दोष स्विचचा. न फिरल्यास मोटारीचा, रिलेचा किंवा वायरिंगचा. दुरुस्तीनंतर तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच अडवतो. फिरणारा पंखा पाहून मन निःशंक होते, म्हणून हा दोष दिवसेंदिवस सापडत नाही. रेडिएटरच्या समोर कागद धरावा. तो जाळीला चिकटला पाहिजे.

याच्या उलट, शहरात ठीक चालणारी पण घाटात किंवा महामार्गाच्या वेगात तापणारी गाडी पाण्याच्या प्रवाहाचा दोष दाखवते. हवा पुरेशी असते, परंतु उष्णता रेडिएटरपर्यंत पोहोचत नाही किंवा तेथून बाहेर पडत नाही. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरील बोरघाट आणि नाशिकच्या वाटेवरील कसारा घाट ही अशा गाड्यांची परीक्षा घेणारी ठिकाणे होती. बॉनेट उघडून वाफ सोडणाऱ्या गाड्या आणि डबा घेऊन पाणी शोधणारे प्रवासी हे तेथील उन्हाळ्यातले नेहमीचे दृश्य असे.

या प्रकारात पहिला संशय रेडिएटरवर घ्यावा. दख्खनच्या पठारावर विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. तेच वर्षानुवर्षे भरत राहिल्याने चहाच्या किटलीत बसतो तसा क्षारांचा पांढरा थर नळ्यांत आणि इंजिनाच्या पोकळ्यांत साचतो. हा थर लोखंडाच्या तुलनेत उष्णतेचा फार मंद वाहक आहे. त्यात गंजाचा गाळ मिसळला की खालच्या बाजूच्या नळ्या पूर्ण बुजतात. गाडी तापवून, इंजिन बंद करून आणि पंखा पुन्हा सुरू होणार नाही याची खात्री करून रेडिएटरवरून हात फिरवावा. ज्या भागात पाणी फिरत नाही, तो भाग शेजारच्या भागापेक्षा स्पष्टपणे थंड लागतो. इन्फ्रारेड तापमापी वापरल्यास चकचकीत पितळेवर तो प्रत्यक्षाहून बराच कमी आकडा दाखवतो, हे ध्यानात ठेवून तेथे काळी चिकटपट्टी लावावी. बुजलेला पितळी रेडिएटर वरची टाकी सोडवून, नळ्यांतून सळ्या फिरवून साफ करता येतो. गॅरेजांत याला रॉडिंग म्हणतात. बाहेरील पंखांत अडकलेले किडे, चिखल आणि कापूस-गवताचे तंतू काढण्यास पाण्याचा हलका फवारा पुरतो. तो इंजिनाच्या बाजूने पुढे मारावा, समोरून मारल्यास कचरा आणखी आत बसतो.

दुसरा संशय खालच्या होज पाइपवर. पंप याच पाइपातून पाणी ओढतो. रबर मऊ पडले असेल आणि आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर इंजिनाचा वेग वाढताच पाइप शोषला जाऊन चपटा होतो आणि वेग उतरताच पूर्ववत दिसतो. गॅरेजमध्ये उभ्या, मंद चालणाऱ्या गाडीत हा दोष कधीच दिसत नाही. ॲक्सिलरेटर दाबून त्याच वेळी पाइपकडे पाहणारा दुसरा माणूस हवा.

पाण्याच्या पंपाला खाली एक बारीक छिद्र असते. तेथून पाणी ठिबकत असेल, तर आतील सील गेले आहे. ते छिद्र बुजवणे हा उपाय नव्हे, कारण मग तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरते. पट्टा दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास सुमारे १२ मिलिमीटर खाली जावा.

इंजिन सुरू केल्यापासून पाच-दहा मिनिटांतच काटा वर चढत असेल आणि वरचा होज व रेडिएटर तरीही गारच असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे. तो काढून पातेल्यातील पाण्यात तापमापीसह टांगावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला नाही, तर टाकून द्यावा. स्वयंपाकघरात होणारी ही तपासणी इतकी निर्णायक आहे की संशयावरून नवा थर्मोस्टॅट आणण्याचे कारण उरत नाही. नवा आणला तरी तोही बसवण्यापूर्वी असाच उकळून पाहणे इष्ट.

पाणी जाते कोठे

काही गाड्या तापण्याआधी पाणी पितात. रोज सकाळी अर्धा लिटर भरावे लागते आणि जमिनीवर मात्र डाग नसतो. अशा वेळी प्रथम बाहेरची गळती खरोखर नाही ना, याची खात्री करावी. गरम पृष्ठभागावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुकतो, पण क्षारांचा किंवा कूलंटच्या रंगाचा ओघळ मागे ठेवतो. थंड इंजिनावर हातपंपाने झाकणावरील दाबाइतका दाब देऊन काटा पंधरा मिनिटे स्थिर राहतो का, हे पाहणे सर्वोत्तम. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या चकत्या मागून गंजतात. त्यांचे पाझरणे याच तपासणीत उघड होते.

बाहेर गळती नसेल, तर पाणी इंजिनाच्या आत जाते, म्हणजेच हेड गॅस्केट फुटले आहे किंवा हेडला तडा गेला आहे. याची चिन्हे अनेक असली, तरी सुटी सुटी फसवी असतात. सकाळी धुराड्यातून निघणारी पांढरी वाफ हिवाळ्यात निरोगी गाडीतही दिसते. इंजिन पूर्ण तापल्यावरही ती थांबली नाही, तरच तिला अर्थ आहे. तेल भरण्याच्या झाकणाखाली जमलेला पिवळसर फेस केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्पामुळेही येतो. डिपस्टिकवरचे तेलच दुधाळ झाले असेल, तर मात्र इंजिन सुरू करू नये. थंड गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटातच वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर तो वाफेचा दाब असू शकत नाही, कारण पाणी अजून तापलेलेच नसते. तो दाब सिलिंडरमधल्या वायूचा असतो. झाकण काढून सुरू केलेल्या थंड इंजिनात अखंड येणारे बुडबुडेही हेच सांगतात.

खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून आतील हवा त्यातून ओढतात. जळलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा झाला, तर शंका उरत नाही. कॉम्प्रेशन मोजल्यास शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत ते एकसारखे कमी येणे, किंवा एक स्पार्क प्लग इतरांहून वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघणे, यावरून जागाही कळते. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेली इंजिने एकदा उकळली की हेड वाकण्याची भीती अधिक. हेड उतरवल्यास सरळ पट्टी ठेवून सपाटी तपासल्याशिवाय नवे गॅस्केट बसवणे हा पैशांचा अपव्यय आहे.

शीतनप्रणालीबाहेरील कारणे

पाण्याची व्यवस्था निर्दोष असूनही गाडी तापू शकते, कारण उष्णताच जास्त निर्माण होत असते. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची टाच झिजत जाते, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिरा पेटलेले मिश्रण बाहेर पडेपर्यंत जळत राहते आणि हेड व एक्झॉस्ट तापवते. गाडी तापते, ओढत नाही आणि पेट्रोलही अधिक खाते, अशी तिन्ही गाऱ्हाणी एकत्र असतील, तर रेडिएटरला हात लावण्यापूर्वी टायमिंग पाहावे. ब्रेक चिकटून राहणे, क्लच घसरणे आणि कार्ब्युरेटरचे मिश्रण फार विरळ असणे ही याच वर्गातील कारणे होत.

कधी दोष केवळ काट्याचा असतो. बहुतेक गाड्यांत सेन्सरची तार गाडीच्या पत्र्याला टेकली की काटा एकदम टोकाला जातो. याहून घातक प्रकार उलटा आहे. पाणी पूर्ण निघून गेल्यावर सेन्सर कोरडा पडतो आणि उकळण्याच्या बेतात असलेला काटा अचानक खाली येतो. चालकाला हायसे वाटते आणि त्याच क्षणी इंजिन जळत असते.

वाफेचा अडथळा हा आणखी एक चकवा. मे महिन्यात घाटात बंद पडून सुरूच न होणारी गाडी पुष्कळदा अतितापलेली नसते. पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलचीच वाफ झालेली असते. पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा जुना उपाय येथे शास्त्रशुद्ध ठरतो.

रूढ उपाय आणि त्यांची पारख

‘आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट आतली वळणवाट बंद करतो, त्यांत तो काढल्यावर पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनातच फिरतो आणि गाडी अधिक तापते. इतर इंजिने कायम थंड चालतात. पेट्रोल अधिक लागते, तेलात गाळ धरतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी इतक्या वेगाने फिरते की त्याला निवायला सवड मिळत नाही, हे स्पष्टीकरणही चुकीचे आहे. प्रवाह वाढल्याने रेडिएटरमधून जाणारी उष्णता वाढते, घटत नाही.

कूलंट पाण्यापेक्षा जास्त थंड करते, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. ग्लायकॉलमिश्रित पाणी शुद्ध पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. निम्मे-निम्मे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते, हा एक लाभ. परंतु महाराष्ट्राच्या हवामानात त्याचे खरे मोल गंज आणि क्षार रोखण्यात आहे. म्हणून ते ऊर्ध्वपातित पाण्यातच मिसळावे आणि ठरल्या मुदतीला बदलावे.

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय घरापर्यंत पोहोचवतो, हे खरे. मात्र जी हळद भोक बुजवते, ती नळ्याही बुजवते. असा रेडिएटर त्याच आठवड्यात धुऊन डाग द्यावा.

रस्त्यात गाडी तापल्यास

काटा चढू लागताच वातानुकूलन असल्यास बंद करावे आणि हीटर असल्यास पूर्ण सुरू करावा. तो एक लहान रेडिएटरच आहे. पट्टा शाबूत असेल व पाणी असेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवणे बरे. वाफ दिसत असेल, पट्टा तुटला असेल किंवा ठोक्यांचा आवाज येत असेल, तर तत्काळ बंद करावे. बंद केल्यावर काटा काही क्षण आणखी वर जातो. फिरणे थांबलेल्या पाण्याला लोखंडातली उष्णता मिळत असल्याने ते स्वाभाविक आहे.

झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये. वरचा होज दाबल्यावर मऊ लागला की जाड फडके ठेवून, चेहरा दूर धरून, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि दाब जाऊ द्यावा. तापलेल्या ब्लॉकवर वरून पाणी ओतू नये. रेडिएटरमध्येही थंड पाणी एकदम न ओतता इंजिन सुरू करून बारीक धारेने भरावे. इंजिन कोरडे पडून फार तापले असेल, तर तेही न करता पूर्ण निवण्याची वाट पाहावी, अन्यथा हेडला तडा जातो.

पाणी पुन्हा भरताना हवा अडकून राहते आणि दुरुस्त केलेली गाडी पुन्हा तापते. गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, हीटरचा कॉक उघडा असावा आणि थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन झाकणाविना मंद चालवावे. बुडबुडे थांबल्यावर पातळी पुरी करून झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पातळी पुन्हा पाहावी.